पासारगादचे चार वाघ

टेम्पोच्या फळीवरून पहिला वाघ खाली उतरला तेव्हा मला वाटलं, एखाद्या रिसॉर्टचा माल चुकून आमच्या कॉलेजात आला. चिमूरहून ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जागोजाग सिमेंटचे वाघ उभे आहेत, त्यातल्या एखाद्याचा पत्ता चुकला तर नवल नाही. मी व्हरांड्यात उभी राहून मजा बघत होते. मग दुसरा वाघ उतरला. मग तिसरा. चौथ्याला खाली घेताना चार माणसं घामाघूम झाली आणि त्यांच्यातला एक – उंच, सावळा, कोपरापर्यंत सिमेंटने माखलेला – सरळ माझ्याकडे चालत आला.

“नंदिनी मॅडम तुमीच ना? मी राजदीप. चारी आणले, पाहून घ्या.”

“काय आणलं?”

“वाघ.”

वाघ मलाही दिसत होते. मी विचारलं, कोणाचे, कोणी सांगितले? त्याने अंगठा पँटला पुसला, खिशातून मोबाईल काढला आणि माझाच मेसेज माझ्या नाकासमोर धरला. मी घाईत इंग्रजी अक्षरांत टाइप केला होता – लायब्ररीच्या मागे चार बाग पाहिजे. त्यातलं ‘बाग’ मी एका इंग्रजी पुस्तकात होतं तसंच लिहिलं होतं... बी, ए, जी, एच.

“चार बाघ,” त्याने वाचून दाखवलं.

“बाग,” मी म्हणाले. “बगिचा. झाडं, फुलं, पाणी.”

त्याने मोबाईलकडे पाहिलं, वाघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग बगिच्यात एच कशाले?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि जास्त राग याचा आला की त्याचा प्रश्न बरोबर होता. आजवर ज्यांनी ज्यांनी त्याला ही चार अक्षरं पाठवली त्या सगळ्यांना वाघच हवा होता, असं त्याचं शांतपणे म्हणणं होतं. तो भांडत नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं.

मी त्या कॉलेजात इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये माझी नेमणूक नव्याने होते – झाली तर. इतिहासाला विद्यार्थी अकरा. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं होतं की मार्चच्या दहा तारखेला तपासणी समिती येते आहे. समितीने विभागाबद्दल चांगला शेरा दिला तर विषय राहील, नाही तर जूनपासून इतिहास बंद, आणि इतिहासाबरोबर मीही. कोरपन्याला आईबाबांना ही गोष्ट कळली, त्यांच्याकडून पुण्याला आयुषदादाला कळली आणि त्याने लगेच तिकडे एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. दर रविवारी फोन – कधी येतेस? मला जायचं नव्हतं. बी.एड.ची दोन वर्षं मी पुण्यात काढली होती, तेवढी पुरे होती. मला इथे, याच अकरा पोरापोरींना शिकवायचं होतं.

समितीसाठी प्रत्येक विभागाने मैदानात काही ना काही उभारायचं होतं. मी पासारगाद निवडलं. इराणमधली सायरस राजाची अडीच हजार वर्षांपूर्वीची राजधानी. महाल पडले, दरबार पडला, एखादाच खांब उभा राहिला. पण राजाच्या बागेतले दगडी पाट अजून जमिनीत दिसतात, आणि त्यांवरून अभ्यासक सांगतात की बागेचे चार सारखे भाग होते आणि मधून पाणी खेळत होतं. अशा बागेला पुढे ‘चार बाग’ म्हणायला लागले. एम.ए.ला असताना मी हे वाचलं आणि त्या रात्रीपासून ते पाट माझ्या डोक्यातून गेले नाहीत. मला लायब्ररीच्या मागच्या रिकाम्या जागेत तेच छोटंसं करायचं होतं.

मेसेजनंतर आम्ही फोनवरही बोललो होतो, ही त्याहून शरमेची गोष्ट. तेव्हा नेटवर्क येत-जात होतं. त्याने विचारलं होतं, लहान का मोठे. मी म्हटलं होतं, चारही एकाच मापाचे. त्याने विचारलं, कसे ठेवाचे. मी म्हटलं, समोरासमोर, आणि मधोमध पाणी. रंग? रंग नैसर्गिकच. तो म्हणाला, समजलं मॅडम, डोळ्यासमोर आलं. का नाही येणार? पाणवठ्यावर बसलेले चार वाघ इथल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यासमोर येतात.

“परत घेऊन जा, राजदीपभाऊ,” मी सांगितलं.

एवढ्यात प्राचार्य बाहेर आले. त्यांनी एका वाघाच्या डोक्यावरून हात फिरवला, दुसऱ्याच्या मिशा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. वाघ फार सुंदर झाले होते, ते मलाही नाकारता येत नव्हतं. सर म्हणाले, हे आपल्या मातीतलं झालं, समिती खूश होणार. वाघ राहतील. मी म्हटलं, सर, सायरसच्या बागेत वाघ नव्हते. ते म्हणाले, तुम्ही पाहायला गेल्या होत्या का?

त्या दुपारी मी रागाच्या भरात राजदीपला मेसेज केला – आता बघ. म्हणजे, आता तुझं काही खरं नाही. सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांतच. दोन मिनिटांत उत्तर आलं – ‘अजून किती?’

मी मोबाईल टेबलावर आपटला. मग पुन्हा उचलला आणि स्पेलिंग वाचलं. बी, ए, जी, एच. स्टाफरूममध्ये एकटीच होते म्हणून बरं, कारण मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. हसून झाल्यावर पुन्हा राग आला. संध्याकाळी तो म्हणाला, “आमी पाह्य म्हणतो, मॅडम. बघ कोन म्हणते इथी?” मी पुण्याच्या दोन वर्षांना मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळी झाले.

हातात अठरा दिवस होते. दुसरा कारागीर मिळण्यासारखा नव्हता, आणि खरं सांगायचं तर चिमूरच्या आसपास त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता. वरोरा रोडला त्याची शेड होती. विहारातल्या बुद्धमूर्ती, शाळेतले पुतळे, रिसॉर्टचे वाघ, सगळं तिथून जायचं. वाघांना चार कोपऱ्यांत बसवून त्याने मधल्या जागेत दोऱ्या ताणल्या आणि कामाला सुरुवात केली. मी त्याला फोटो दाखवले. सहा पायऱ्यांवरची राजाची कबर त्याने दोन दिवसांत अशी उभी केली की मला एकही चूक काढता आली नाही. मग आली खांबांची वेळ आणि आमचं दुसरं भांडण.

त्याने सहा खांब केले. सहाही सरळ, गुळगुळीत, वरपर्यंत पूर्ण.

“हे पडलेले पाहिजेत,” मी म्हणाले. “फोटोत बघा. तुटलेले आहेत. बुंधेच उरलेत.”

“मले वाटलं, फोटो जुना हाय.”

“जागाच जुनी आहे.”

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या हातून आजवर तुटकं काम गेलं नव्हतं, आणि कॉलेजात येणारा जाणारा म्हणेल राजदीपचे खांब पडले, याचं काय? मी म्हटलं, इतिहासाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, माझ्या नावाचा प्रश्न आहे. मी पाचव्या मिनिटाला हातोडी उचलली आणि एका खांबावर घाव घातला. खांबाला काही झालं नाही. माझ्या हाताला मात्र खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

तो हसला नाही. त्याने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, छिन्नी दिली, आणि माझं मनगट धरून ती कुठे टेकवायची ते दाखवलं. “असं नाई तुटत. तोडाचं तं नीट तोडा लागते. जुनं वाटलं पाह्यजे, मारल्यावानी नाई वाटलं पाह्यजे.” त्याचा हात सिमेंटने खरखरीत होता आणि थंड होता. खांबाचा कपचा निघून खाली पडला तरी माझं मनगट त्याच्या हातातच होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. त्याने हात सोडला आणि मी उगाच ओरडले की पाटांचं काम कधी सुरू करणार आहात, दिवस राहिलेत किती.

पाच खांब आम्ही दोघांनी मिळून तोडले. एक उभा ठेवला.

त्यानंतर सिमेंटला पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. त्याला दिवसभर दुसरीकडे कामं असायची. सकाळी आणि दुपारी मी पाइप घेऊन उभी राहायचे आणि पाच वाजता तो गाडीवरून यायचा. आल्या आल्या सिमेंटवर तळवा टेकायचा. ओल कमी वाटली की माझ्याकडे नुसता बघायचा... त्या बघण्याने माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हटलं, मी प्राध्यापक आहे, माळीण नाही. तो म्हणाला, “माळीण असती तं पानी बरोबर मारलं असतं.” मी पाइपाचं तोंड त्याच्याकडे वळवलं. भिजलेला शर्ट पिळत तो तिसऱ्या वाघाच्या पाठीवर बसला आणि पहिल्यांदा मोकळा हसला. मैदानाच्या कडेचा पळस फुलला होता, दुपारच्या उन्हात मोहाचा वास यायला लागला होता, आणि मला पाच वाजायची वाट बघायची सवय लागली होती. हे मान्य करायला मला फार त्रास झाला.

पाट त्याने सगळ्यात मन लावून केले. फोटोत दगडी पाटाला थोड्या थोड्या अंतरावर छोटे चौकोनी हौद दिसतात. पाणी पाटातून येतं, हौदात भरतं, मग पुढच्या पाटात जातं. त्याने उतार जमवला, वरून तांब्याभर पाणी सोडलं आणि आम्ही दोघं उकिडवे बसून त्याच्याबरोबर सरकत राहिलो. पाणी पहिल्या हौदात थांबलं. भरलं. मग सावकाश पुढे निघालं.

“सरळ पाट काढला असता तं लवकर पोचलं असतं,” तो म्हणाला. “राजाले काऊन थांबवाचं होतं?”

मी म्हटलं, थांबलं की पाण्यात आभाळ दिसतं, बसणाऱ्याला बरं वाटतं, असं काहीतरी असेल. खरं कारण कोणाला माहीत आहे, राजदीप?

त्याने मान वर केली. “आज भाऊ नाई म्हटलं तुमी.”

मी नव्हतंच म्हटलं. आपल्याकडे दुकानदार भाऊ, ड्रायव्हर भाऊ, नवीन ओळखीचा कोणीही भाऊ; तो शब्द तोंडातून आपोआप निघतो. तो कधी आणि कसा गळून पडला, माझं मलाच कळलं नव्हतं. मी म्हटलं, घाईत राहिलं. तो म्हणाला, “राहू द्या मंग... घाईतच राहू द्या.” आणि लगेच वाकून हौदाची कड बोटाने साफ करायला लागला. ती साफच होती.

आठ तारखेला प्राचार्यांनी पाटी पाठवली. छापील, मोठ्या अक्षरांत – ‘सम्राट सायरसच्या बागेतील राजेशाही वाघ’. समितीसमोर तेच सांगायचं, असा निरोप. मी केबिनमध्ये गेले, बोलले, वाद घातला. इराणात एके काळी वाघ होते, पण दूर उत्तरेच्या जंगलात. त्यांचा या बागेशी संबंध नाही. सर म्हणाले, मॅडम, तुम्हाला विषय वाचवायचा आहे की नाही? एक वाक्य बोलायचं आहे फक्त.

राजदीपला मी हे सांगितलं तेव्हा त्याने हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाला की उद्या चारही वाघ उचलून नेतो, सरांना सांगायचं राजदीप ऐकत नाही. सरांनी कॉलेजच्या नव्या प्रवेशद्वाराचं काम त्याला देऊ केलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, तुम्ही यात पडू नका. वाघ इथेच राहतील. तो म्हणाला, मंग चूक कोणाची म्हणून सांगान तुमी? इतक्या दिवसांत मी एकदाही कबूल केलं नव्हतं की स्पेलिंग माझं होतं. प्रत्येक भांडणात मी ते त्याच्याच गळ्यात मारलं होतं, आणि त्याने ते मुकाट्याने गळ्यात घालून घेतलं होतं.

दहा तारखेला समिती आली. तीन माणसं, त्यांत एक पांढऱ्या केसांच्या बाई, बहुतेक नागपूरच्या. वनस्पतिशास्त्र विभागाची औषधी झाडं पाहून झाली आणि सगळे लायब्ररीच्या मागे आले. राजदीप कोपऱ्यात नळापाशी उभा होता. मी खूण केली की त्याने पाणी सोडायचं. पाणी निघालं, हौदात थांबलं, भरलं, पुढे गेलं. माझ्या अकरा जणांपैकी एकेकाने कबर सांगितली, खांब सांगितला, पाट सांगितले. सगळं छान चाललं होतं. मग बाईंनी पाटी वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, “आणि हे वाघ कुठून आले?”

प्राचार्य माझ्याकडे बघत होते. राजदीप नळाकडे बघत होता.

“स्पेलिंगमधून,” मी म्हणाले.

आणि मग सगळंच सांगितलं. मेसेज, चार अक्षरं, फोन, टेम्पो. शेवटी म्हटलं, “चूक माझी आहे. कारागिराने मी लिहिलं तेच केलं, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं केलं. पण सायरसच्या बागेत वाघ होते, हे खोटं माझ्या विद्यार्थ्यांसमोर मी सांगू शकत नाही.” बाईंनी काही लिहून घेतलं. हसल्या की नाही, ते मला दिसलंही नाही, कारण राजदीपने मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं आणि मला दुसरं काही बघायला सुचत नव्हतं.

समिती गेल्यावर सर एवढंच म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतःच्या हाताने विषय बंद केला. स्टाफरूममध्ये लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. पाच वाजता मी बागेत जाऊन बसले. राजदीप आला, शेजारी, पण एक हात अंतर ठेवून बसला.

“पुण्याला जावं लागणार बहुतेक,” मी म्हणाले.

“कधी?”

“तिकडचा क्लास एप्रिलात सुरू होतो. पंधरा दिवसांत आवरायला पाहिजे.”

त्याने पाटातलं एक पान उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाला, “बरं.” उठला, हात झटकले आणि निघून गेला.

बरं! मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिले. अठरा दिवस भांडल्यावर, सगळ्या गावासमोर चूक कबूल केल्यावर, या माणसाला दुसरा शब्द सुचला नाही? थांबा म्हणायचं होतं. वाईट वाटलं म्हणायचं होतं. निदान ‘काऊन’ तरी विचारायचं होतं. मी रूमवर गेले, पातेलं आपटलं, खिचडी करपवली आणि ती करपलेली खिचडी रडत रडत खाल्ली. मला तो आवडत होता. फार आवडत होता. आणि हे मला अशा दिवशी कळावं की ज्या दिवशी तो ‘बरं’ म्हणून निघून जातो, याचा मला स्वतःवरच संताप आला.

पुढचे बारा दिवस तो आला नाही. मेसेज नाही, फोन नाही. मीही केला नाही. कोणत्या तोंडाने करू? पाणी मारायची गरज उरली नव्हती, तरी मी पाच वाजता बागेत चक्कर मारत होते आणि स्वतःला सांगत होते की पाटात पानं पडतात, ती काढायला कोणीतरी पाहिजे.

तेराव्या दिवशी सरांनी बोलावलं. समितीचा अहवाल आला होता. त्यांनी तो मला न देता स्वतःच वाचून दाखवला, जरा चोरट्या आवाजात. इतिहास विभाग लहान आहे, पण विद्यार्थ्यांना खरं-खोटं वेगळं करायला शिकवतो. विभाग चालू ठेवावा, शिक्षिकेला नियमित करण्याचा विचार व्हावा. सर म्हणाले, अभिनंदन, मला आधीपासून खात्री होती. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी दादाला फोन केला नाही, आईला केला नाही. कोणालाही न विचारता स्कूटी काढली आणि वरोरा रोडला लागले. जाऊन त्याला ठणकावून सांगायचं होतं की मी जात नाही, आणि तुमच्या त्या ‘बरं’चं काय करायचं ते तुम्हीच बघा.

शेडसमोर टेम्पो उभा होता. त्यात साचे, पाट्या, थापी, लोखंडी सळ्या, पाण्याचा ड्रम, दोन गाद्या, गॅसची शेगडी. वरून ताडपत्री आणि दोरी. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नवं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन एक बाई बसल्या होत्या. राजदीपची आई, अंजनाबाई. विहारात मी त्यांना एकदा-दोनदा जय भीम केला होता.

“आली का पोरी,” त्या म्हणाल्या. “तुहं सामान कुठी हाय?”

मी विचारलं, कुठे निघालात?

“कुठी म्हणजे? पुन्याले. तूच सांगतलं ना याले, जा लागते म्हणून. बारा दिवस झाले, आवरून राह्यलो आमी.”

राजदीप टेम्पोच्या मागून पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ हात. इतके स्वच्छ हात मी त्याचे पहिल्यांदाच पाहिले.

मी विचारलं, “पुण्यात तुमचे वाघ कोण घेणार आहे?”

“बदकं करीन. तिकडच्या सोसायट्यायच्या बगिच्यात बदकं बसवतेत म्हनते.”

अर्ध्या मेसेजवर चार वाघ करणारा हा माणूस, माझ्या अर्ध्या वाक्यावर घर उचलून निघाला होता. आईला घेऊन. शेगडी घेऊन. बदकं करायला. मी पुण्याची मराठी विसरले. फार संतापले की माझ्या तोंडातून कोरपना निघतं. “मी म्हटलं जावं लागणार. मले जावं लागणार. तुमाले कोनं सांगतलं होतं?”

“कोनं जाचं ते तुमी म्हटलंच नाई.”

“मंग विचाराचं ना एकदा. तोंड नाई का तुमाले?”

त्याने आईकडे पाहिलं, त्या तोंड दुसरीकडे करून पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. मग तो माझ्याजवळ आला, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाला, “विचारलं असतं तं तुमी म्हटलं असतं, एकटीलेच. म्हनून नाई विचारलं.”

माझ्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. त्याने स्वच्छ हात पुढे केला, मग थांबला, मग बोटाच्या मागच्या बाजूने माझा गाल पुसला. मला त्याला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसावंसं वाटत होतं. आई समोर होती म्हणून दोन्ही राहून गेलं.

मी नाक पुसलं. हा माणूस अर्ध्या शब्दावर काय करील याचा भरवसा नव्हता, म्हणून एकेक शब्द मोजून, त्याच्याच बोलीत, पूर्ण वाक्य बोलले. “नीट ऐक. मी, नंदिनी, कुठीच जाऊन नाई राह्यली. माही नोकरी इथीच राह्यली. मी तुह्यासंगं लग्न करून याच गावात राहणार हाय. तू, राजदीप, यातलं काही समजला नसशीन तं आता विचार.”

तो काही विचारेना. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“समजला तो,” अंजनाबाई सीटवरून म्हणाल्या. “आता मले खाली उतरवा आधी. सकाळपासून बसून राह्यली मी इथी.”

आम्ही दोघांनी त्यांना हात धरून उतरवलं. त्या पिशवी घेऊन चहा ठेवायला घराकडे गेल्या; शेगडी टेम्पोत आहे हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं आणि त्यांनी तिथूनच आम्हाला हाक मारली. मी दोरीची गाठ सोडायला घेतली. नखं दुखली, दोनदा ओढून पाहिलं, दात लावले तरी सुटेना. मला पुन्हा राग यायला लागला.

“एवढी घट्ट कशाले बांधली?”

राजदीप माझ्या हातांवर हात ठेवून गाठ चाचपत होता. “मले वाटलं,” तो म्हणाला, “लंबं जाचं हाय... तुह्यासंगं.”